पिन कुठे लावायची ते कोण ठरवतं?

प्रस्तावना

मराठीत बुरख्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण कपडा म्हणून त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलेलं नाही. आपल्याकडे हा विषय दोन वाटांनी येतो. एक वाट सुधारणेची. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला, १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभं केलं. त्या चळवळीचा रोख तलाक आणि बहुपत्नीत्वावर होता, आणि तिच्यामागून झालेल्या लिखाणात बुरखा एक ठरलेली खूण म्हणून येत राहिला. दुसरी वाट बातम्यांची: महाविद्यालयाचं फाटक, न्यायालय, निवडणूक. दोन्ही वाटांवर बुरखा हा पुरावा असतो. कुणासाठी मागासलेपणाचा, कुणासाठी कट्टरतेचा, कुणासाठी अन्यायाचा. त्याचं कापड कोणतं, तो कोण शिवतं, केवढ्याला पडतो, यंदा कोणती बाही चालते, हे विचारणं थिल्लरपणाचं वाटत असावं.

या पुस्तकाने तो थिल्लरपणा मुद्दाम केला आहे. गेल्या पन्नासेक वर्षांत कैरो, इस्तंबूल, जकार्ता, लंडन आणि मुंबई अशा शहरांतल्या तरुण, शिकलेल्या, नोकरीला जाणाऱ्या मुस्लिम मुलींनी अंग झाकण्याची एक नवी रीत घडवली. ती त्यांच्या आयांची नव्हती, आज्यांची तर नव्हतीच. तिला आज जगभर ‘मॉडेस्ट फॅशन’ म्हणतात. तिच्याकडे बाहेरून पाहणारा माणूस एकच प्रश्न विचारतो: का घालतेस? त्या मुली आपसांत मात्र ‘कसा’ याबद्दल बोलत असतात. मान दिसली तर चालेल का, केसांचा अंबाडा वर बांधून टर्बन केला तर तो हिजाब ठरतो का, जीन्सवर लांब कुडता पुरे की वर अबाया हवाच, लिपस्टिक लावायची आणि केस झाकायचे यात विसंगती आहे का. हे प्रश्न किरकोळ दिसतात, पण त्यांची उत्तरं देणारी माणसं बदलली आहेत. पूर्वी उत्तर मौलाना द्यायचे, वडील द्यायचे, सासू द्यायची. आता मैत्रीण देते, शिंपी देतो, दुकानदार देतो, मोबाइलच्या पडद्यावर पिन कशी लावायची ते दाखवणारी परदेशातली अनोळखी मुलगी देते. धर्माचा अर्थ लावण्याचा अधिकार इतक्या गुपचूप सरकलेला क्वचितच दिसतो. हा सरकलेला अधिकार हाच या संग्रहाचा विषय आहे. कपडा त्याचं साधन.

नवख्या वाचकासाठी आधी थोडी ओळख करून देतो. हिजाब म्हणजे आजच्या बोलण्यात केस, कान आणि मान झाकणारा रुमाल. चेहरा उघडा असतो. नकाब चेहऱ्यावर येतो आणि डोळे मोकळे ठेवतो. अबाया म्हणजे खांद्यापासून घोट्यापर्यंतचा सैल झगा, आखाती देशांतून आपल्याकडे आलेला. खिमार डोक्यावरून थेट कमरेपर्यंत उतरतो. बुरखा हा आपल्याकडचा सरसकट शब्द. जाळीच्या जुन्या टोपीवाल्या बुरख्यापासून परवाच्या नक्षीदार अबायापर्यंत सगळं त्यात कोंबलं जातं. दाऊदी बोहरा स्त्रियांचा रिदा या सगळ्यांहून वेगळा: खाली घागरा, वर डोक्यावरून अंगभर उतरणारा टोपऱ्यासारखा भाग, आणि हवी तेव्हा चेहऱ्यावर घेता येणारी पट्टी. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून धर्मगुरूंच्या आग्रहाने तो समाजात रूढ झाला. आज भेंडी बाजारात फेरी मारली तर काळा सोडून बहुतेक सगळ्या रंगांत, लेस, क्रोशाच्या पट्ट्या आणि भरतकामासह तो दिसतो. पोशाख घालण्याचा आदेश वरून आला होता. त्याची लेस कुठली असावी हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि स्त्रियांनी नेमकी तीच जागा हेरली.

मराठी वाचकाला यातलं काही परकं वाटायचं कारण नाही. सरदार-संस्थानिक मराठा घराण्यांत गोषा होता आणि तो प्रतिष्ठेची बाब समजला जायचा. आणि आजच्या पुण्यात सकाळी नऊ वाजता कुठल्याही चौकात उभं राहावं. दुचाकीवरच्या निम्म्याअधिक मुलींनी चेहऱ्याभोवती स्कार्फ असा गुंडाळलेला असतो की डोळ्यांखेरीज काही दिसत नाही. वर गॉगल चढवला की तेही नाही. ऊन, धूळ, धूर ही सांगायची कारणं. ओळखीच्या कुणी मागे कोण बसलंय ते पाहू नये हे न सांगायचं. या मुलींवर अग्रलेख होत नाहीत, कुणी त्यांना मुक्त करायला निघत नाही. झाकलेल्या चेहऱ्याची चौकशी करायची की नाही, हे तो चेहरा कुणाचा त्यावरून आधीच ठरलेलं असतं.

धर्मग्रंथात काय आहे ते थोडक्यात. चर्चेत कुराणातल्या तीन जागा येतात. चोविसाव्या सूरेतली ३१वी आयत स्त्रियांना ओढणी छातीवर घ्यायला सांगते; तिच्या लगेच आधीची आयत पुरुषांना नजर खाली ठेवायला सांगते, आणि पुरुष वक्ते ती सहसा विसरतात. तेहतिसाव्या सूरेतली ५३वी आयत पैगंबरांच्या पत्नींशी पडद्याआडून बोलण्याबद्दल आहे, ५९वी बाहेर पडताना वरचं वस्त्र अंगावर ओढून घेण्याबद्दल. परंपरेतल्या बहुसंख्य विद्वानांनी केस झाकणं बंधनकारक मानलं; चेहऱ्याबद्दल त्यांच्यातच मतभेद राहिले. मोरोक्कोच्या समाजशास्त्रज्ञ फातिमा मर्निसी यांनी १९८७च्या आपल्या फ्रेंच पुस्तकात या आयती आणि स्त्रियांविरुद्धच्या काही हदीस, म्हणजे पैगंबरांच्या नावे सांगितली जाणारी वचनं, कोणत्या प्रसंगी, कोणाच्या तोंडून आल्या याची छाननी केली, आणि मुस्लिम स्त्रीवादी अभ्यासाची एक अख्खी शाखा तिथून फुटली. या पुस्तकाला त्या वादात निकाल द्यायचा नाही. बहुतेक मुलींनी त्या आयती वाचल्या आहेत, अनुवादासह वाचल्या आहेत, आणि एकमेकींशी त्यावर भांडल्याही आहेत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आधुनिक इतिहास कैरोपासून सांगायची रीत आहे. १८९९ साली कासिम अमीन यांचं स्त्रीमुक्तीवरचं पुस्तक आलं आणि पडदा हा मागासलेपणाचा मुख्य रोग ठरला. १९२३ साली रोमच्या स्त्री-मताधिकार परिषदेहून परतताना इजिप्तच्या स्त्री-चळवळीच्या नेत्या हुदा शारावी यांनी कैरोच्या रेल्वे स्थानकावर चेहऱ्यावरचा नकाब काढला. ही घटना इतक्या वेळा सांगितली गेली की त्यांनी फक्त चेहरा उघडा केला होता, हा तपशील गळूनच गेला. अभ्यासक लैला अहमद यांनी १९९२मध्ये या कथेची दुसरी बाजू दाखवली. इजिप्तमधला ब्रिटिश सत्ताधीश लॉर्ड क्रोमर तिथल्या स्त्रियांच्या पडद्याबद्दल कळवळून बोलायचा. मायदेशी परतल्यावर तोच स्त्रियांना मताधिकार देण्याविरुद्धच्या पुरुष संघटनेचा पुढारी झाला. तेव्हापासून पडदा काढायला सांगणाऱ्याचे हात कुठे गुंतले आहेत, हे तपासल्याशिवाय या क्षेत्रात कुणी पुढे जात नाही.

आपल्या उपखंडात याच सुमारास रुकैया सखावत हुसेन बंगालीत लिहीत होत्या. त्यांनी ‘अवरोधबासिनी’ (१९३१) मध्ये स्त्रियांना कोंडून ठेवण्याची जी टर उडवली तिला तोड नाही. पण त्याच रुकैयांनी आधी एका निबंधात बुरख्याची बाजू घेतली होती. त्यांच्या लेखी कोंडणं वेगळं आणि झाकून बाहेर पडणं वेगळं. बाहेर पडणं महत्त्वाचं. पुढे १९७०च्या दशकात पाकिस्तानातल्या पडद्याबद्दल लिहिताना अभ्यासक हॅना पापानेक यांनी बुरख्याचं वर्णन सोबत नेता येणारा एकांत असं केलं, ते रुकैयांच्या मुद्द्याला फार जवळचं आहे.

मग सरकारं मध्ये पडली. इराणमध्ये रझाशाहने जानेवारी १९३६मध्ये पडद्यावर बंदी घातली. पोलीस रस्त्यात चादरी ओढून काढू लागले, आणि कितीतरी बायका घराबाहेर पडेनाशा झाल्या. अल्जीरियात १९५८ साली फ्रेंच सत्तेच्या आशीर्वादाने जाहीर बुरखा-त्यागाचे सोहळे झाले. फ्रान्झ फॅनन यांनी पुढच्याच वर्षी त्यावर लिहिलं, ते अजून वादाचा विषय आहे. १९७९च्या क्रांतीनंतर इराणमध्ये काटा उलटा फिरला. त्या वर्षीच्या ८ मार्चला तेहरानच्या स्त्रिया सक्तीविरुद्ध रस्त्यावर आल्या होत्या, तरी १९८३पर्यंत डोकं न झाकणं हा फटक्यांच्या शिक्षेचा गुन्हा झाला. तिथे फॅशन म्हणजे रुमाल रोज अर्धा इंच मागे सरकवणं, असं चाळीस वर्षं चाललं. सप्टेंबर २०२२मध्ये रुमालावरून पकडलेल्या महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावल्या आणि तो अर्धा इंच किती महाग होता ते जगाला दिसलं. झाकण्याच्या निवडीबद्दल बोलणाऱ्या कुठल्याही पुस्तकाने इराणच्या स्त्रियांकडे पाठ करून बोलू नये. आम्ही तसं केलेलं नाही.

ज्या नव्या पिढीबद्दल हे पुस्तक आहे ती मात्र या हुकमांतून आलेली नाही. १९६७च्या इस्रायलविरुद्धच्या पराभवानंतर, १९७०च्या दशकात, कैरोच्या विद्यापीठांत लहान गावांतल्या पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुली लांब, साध्या, एकरंगी पोशाखात दिसू लागल्या. मानववंशशास्त्रज्ञ फदवा एल गिंदी यांनी त्याची नोंद आधी घेतली. संशोधक आर्लीन मॅकलाउड यांनी १९८०च्या दशकात कैरोच्या कनिष्ठ मध्यमवर्गीय कारकून स्त्रियांत राहून पाहिलं की गच्च भरलेली बस, परक्या पुरुषांनी भरलेली कचेरी आणि घरी ‘नोकरीची गरजच काय’ म्हणणारा नवरा, या तिन्हींशी एकाच वेळी तडजोड करायला त्या रुमालाचा उपयोग होत होता. निषेधही आणि जुळवून घेणंही. माझ्या मते या विषयावरचं हे सर्वांत शहाणं निरीक्षण आहे, आणि त्याला आता तीसहून अधिक वर्षं झाली.

तुर्कस्तानकडे जरा सावकाश पाहायला हवं, कारण बंदी, बाजार आणि सत्ता यांची अशी गुंतागुंत दुसरीकडे नाही. १९८०च्या लष्करी उठावानंतर विद्यापीठांत डोक्याच्या रुमालावर निर्बंध आले, कधी सैल कधी घट्ट. त्याच सुमारास, १९८२ साली, इस्तंबूलमध्ये तेकबिर नावाची कपड्यांची कंपनी निघाली. तिने १९९२मध्ये झाकलेल्या स्त्रियांच्या पोशाखांचा फॅशन शो केला, आणि रंगमंचावर आणल्या नेहमीच्या व्यावसायिक मॉडेल, ज्या एरवी डोकं झाकत नसत. धर्मनिरपेक्षवादी हसले, धार्मिक संतापले, आणि कोट खपले. समाजशास्त्रज्ञ निलुफर गोले यांचं पुस्तक १९९१चं. विद्यापीठातली ही झाकलेली मुलगी परंपरेकडे चाललेली नाही, ती आधुनिकच आहे, हे त्यांनी ठासून मांडलं. १९९८ साली इस्तंबूल विद्यापीठाने बंदी कडक केली. मुलींनी टोप्या घातल्या, काहींनी रुमालावर किंवा रुमालाऐवजी केसांचे टोप चढवले: केस झाकण्यासाठी केस! खासदार म्हणून निवडून आलेल्या मर्वे कावाकची २ मे १९९९ला रुमाल बांधून संसदेत आल्या आणि शपथ न घेताच त्यांना बाहेर पडावं लागलं. विद्यापीठातल्या बंदीविरुद्ध लैला शाहिन युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेल्या आणि २००५मध्ये हरल्या. मग राजकारण बदललं. २०१०च्या सुमारास विद्यापीठं खुली झाली, २०१३मध्ये बहुतेक सरकारी नोकऱ्याही. २०११मध्ये ‘आला’ हे झाकलेल्या स्त्रियांचं चकचकीत मासिक निघालं, त्याच वर्षी मोदानिसा ही ऑनलाइन कपडे विकणारी कंपनी सुरू झाली. आणि मग नवीच तक्रार ऐकू येऊ लागली, तीही झाकणाऱ्याच मुलींकडून: आता रुमाल बांधणं म्हणजे सरकारच्या बाजूचं असणं, असं लोक धरून चालतात. बंदीच्या काळात ज्यांनी पदवी गमावली त्यांच्या धाकट्या बहिणींपैकी काही आज रुमाल सोडत आहेत. वस्त्र तेच राहिलं, त्याच्या मागे उभं असलेलं सरकार बदललं.

इंडोनेशियात हीच गोष्ट वेगळ्या वळणाने जाते. सुहार्तोंच्या राजवटीत १९८२च्या गणवेश-नियमाने सरकारी शाळांत डोक्याचा रुमाल बंद झाला. मुलींना शाळा सोडाव्या लागल्या, खटले झाले, १९९१मध्ये परवानगी मिळाली. त्यानंतर वीस वर्षांत तो इतका पसरला की २०१०मध्ये जकार्तात ‘हिजाबर्स कम्युनिटी’ नावाचा तरुण मुलींचा गट निघाला तेव्हा त्यांना झाकावं की नाही हे शिकवायचं नव्हतंच. रंग कसे जुळवावेत ते शिकवायचं होतं. दियान पेलांगीसारख्या डिझायनर त्यातूनच पुढे आल्या. तानाह आबांगच्या घाऊक बाजारात डोक्यावरून नुसता ओढायचा, पिन नको-इस्त्री नको असा शिवलेला रुमाल गठ्ठ्यांनी विकला जातो, आणि माझ्या मते या तयार रुमालाने जितक्या डोक्यांवर जागा मिळवली तितकी कुठल्याही प्रवचनाने मिळवली नसेल. पण याच देशात २०२१मध्ये पडांगच्या एका सरकारी शाळेत ख्रिस्ती मुलीला रुमाल बांधायला लावल्याचं उघड झालं. सरकारने अशी सक्ती करू नये असा आदेश काढला आणि काही महिन्यांतच तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. चाळीस वर्षांपूर्वी ज्या डोक्यांवरून रुमाल उतरवला जात होता, त्यांच्या शेजारच्या बाकावर तो आता चढवला जात होता.

युरोपात आणि अमेरिकेत ही मुलगी अल्पसंख्य आहे, त्यामुळे तिथला नूर वेगळा. फ्रान्समध्ये १९८९ साली क्रेईच्या शाळेतून तीन मुलींना घरी पाठवण्यापासून सुरुवात झाली; २००४मध्ये सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांवर बंदी, २०१०मध्ये सार्वजनिक जागी चेहरा झाकण्यावर बंदी, २०२३मध्ये शाळांत अबायावरही. २०१६च्या उन्हाळ्यात काही किनारी गावांनी बुर्किनीवर बंदी घातली आणि तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्यांतल्या एका गावाची बंदी स्थगित केली. बुर्किनी हा २००४ साली सिडनीत अहेदा झनेट्टी यांनी शिवलेला पोहण्याचा पोशाख. मुस्लिम मुलींना खेळता-पोहता यावं हा त्यामागचा साधा हेतू. २०२०मध्ये करोना आला आणि फ्रान्समध्ये चेहरा झाकणं सक्तीचं आणि चेहरा झाकणं बेकायदा, असे दोन्ही नियम एकाच वेळी लागू राहिले. ब्रिटनमध्ये बंदी नाही, म्हणून तिथे कपड्यांची प्रयोगशाळा उभी राहिली. एम्मा टार्लो (२०१०) आणि रेना लुइस (२०१५) यांची पुस्तकं प्रामुख्याने तिचा वेध घेतात.

अभ्यासकांचे तंटे मी लांबवत नाही, पण एक भांडण समजल्याशिवाय पुढचं वाचताना अडखळायला होईल. सबा महमूद यांनी २००५च्या पुस्तकात कैरोच्या मशिदींत जमणाऱ्या स्त्रियांबद्दल लिहिताना विचारलं: कर्तेपणा म्हणजे फक्त बंडच का? आज्ञापालनातूनही माणूस स्वतःला घडवत असतो. लैला अबू-लुगोद यांनी ‘मुस्लिम स्त्रियांना वाचवायला’ निघालेल्यांची हजेरी घेतली. या विचाराचा इतका दबदबा झाला की अल्जीरियन समाजशास्त्रज्ञ मार्निया लाझ्रेग यांना २००९मध्ये मुस्लिम स्त्रियांना उद्देशून पत्रांचं पुस्तक लिहून सांगावं लागलं की अहो, सक्तीही असते, लाजही असते, आणि ‘मी स्वतः निवडलं’ म्हणणारीला काय काय सोसावं लागलं ते तिला विचारा. मला दोन्ही बाजू पटतात, आणि हे मी डळमळीतपणाने म्हणत नाही. एकाच मुलीच्या एकाच दुपारच्या बोलण्यात महमूद आणि लाझ्रेग दोघी सापडतात.

बाजाराचं काय? डोळे दिपवणारे आकडे फिरत असतात. एका जागतिक अहवालानुसार २०१९मध्ये जगभरच्या मुस्लिमांनी कपडे आणि पादत्राणांवर २७७ अब्ज डॉलर खर्च केले. व्यापारी मासिकांनी हा आकडा बिनदिक्कत ‘मॉडेस्ट फॅशनची उलाढाल’ म्हणून छापला. त्यात मुस्लिम पुरुषांच्या चपला, मुलांचे गणवेश आणि सगळं काही आहे! तरी मोठ्या कंपन्यांनी त्याचा वास घेतलाच. २०१५मध्ये युनिक्लोने डिझायनर हाना ताजिमा यांच्यासोबत कपडे काढले, २०१६च्या सुरुवातीला डोल्चे अँड गबानाने अबाया, २०१७मध्ये नायकेने खेळाडूंसाठी हिजाब. त्याआधी फुटबॉलच्या जागतिक संघटनेने डोक्याचा रुमाल धोकादायक ठरवला होता. २०११मध्ये इराणच्या स्त्री-संघाला त्यापायी ऑलिंपिक पात्रता सामना सोडावा लागला, आणि बंदी उठायला २०१४ उजाडलं. केनियातल्या निर्वासित छावणीत जन्मलेल्या हलिमा एडन या हिजाब घालणाऱ्या मॉडेल २०१७पासून मोठ्या मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकल्या. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी ते काम सोडलं. कारण सांगताना त्यांनी छायाचित्रणाच्या वेळी डोक्यावर रुमालाऐवजी चक्क जीन्स गुंडाळल्याचा दाखला दिला. बाजाराने अधिकार मौलानांच्या हातून काढून मुलीच्या हाती दिला असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये. बाजार अधिकार देतो तेव्हा मापही घेतो. मॉडेस्ट फॅशनच्या जाहिरातींतल्या मुली उंच, सडपातळ आणि गोऱ्या का असतात, हा प्रश्न याच मुली विचारतात. दिखाव्यालाच धर्माने मना केलं आहे ना, हाही त्याच विचारतात.

आता घराजवळ. महंमद अली रोडला लागून असलेल्या एका गल्लीत अबायाचं दुकान आहे. दारातून आत गेलं की भिंतीवर काळ्याच्या वीस छटा, आणि मग अचानक मेहंदी, चॉकलेटी, राखाडी. मापं लांबीच्या इंचांत: ५२, ५४, ५६, ५८. सर्वांत जास्त मागणी निदा नावाच्या कापडाला, कारण ते घामाने अंगाला चिकटत नाही आणि चुरगळत नाही. कॉलेजातली एक मुलगी अबाया अंगावर घालून आरशासमोर उभी राहते आणि उजवा हात उंच करून हवेत मूठ वळते. लोकलच्या दांड्याला धरल्यावर बाही कोपरापर्यंत घसरते का, ते ती पाहते. घसरते. ‘भाईजान, इसमें इलास्टिक डाल के दोगे?’ मग खिसा. मोबाइल मावला पाहिजे. आई शेजारी उभी, जुन्या दोन तुकड्यांच्या बुरख्यात, तोंडावरचा पदर मागे टाकलेला. तिला काळाच हवा. ‘अब्बा क्या बोलेंगे?’ मुलगी मेहंदी रंग सोडत नाही. ‘अब्बा को मैं समझा लूँगी.’ या मुलीची कोकणातली आजी आयुष्यभर साडी नेसली आणि डोक्यावर फक्त पदर घेतला. मधल्या पिढीत कोकणातल्या घराघरांतून पुरुष आखातात नोकरीला गेले, सुट्टीला येताना पैशांबरोबर अबायाही घेऊन आले आणि ‘खरा’ पोशाख कसा असतो याची कल्पनाही. तीन पिढ्या, तीन पोशाख, आणि यातला सर्वांत जुना पोशाख सर्वांत उघडा. परंपरा मागे जाताना वाढत जाते असं समजणाऱ्यांना हे कोडं सुटत नाही.

भारतीय न्यायालयांत ही मुलगी पोहोचते तेव्हा तिला ओळखणं कठीण जातं. मुंबई उच्च न्यायालयाने फक्त मुलींच्या शाळेत रुमालाची सक्ती धर्मात नाही असं म्हणून एका विद्यार्थिनीची याचिका फेटाळली. कर्नाटकात उडुपीच्या महाविद्यालयातून सुरू झालेल्या वादानंतर ५ फेब्रुवारी २०२२ला गणवेशाचा सरकारी आदेश निघाला, १५ मार्चला उच्च न्यायालयाने तो उचलून धरला, १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरुद्ध निकाल दिले. २०२४मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी, बॅज सगळ्यावर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाने जूनमध्ये हस्तक्षेप नाकारला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सूचना अंशतः स्थगित केली आणि टिकलीवरही बंदी घालणार का, असं विचारलं. या सगळ्यात कायद्याची मुख्य कसोटी एकच राहिली: ही धर्माची अत्यावश्यक प्रथा आहे का? म्हणजे जिंकायचं असेल तर मुलीने ‘मला पर्याय नाही, धर्म मला बांधतो’ असं म्हणायचं. ‘मला असं आवडतं, मी आईशी भांडून मेहंदी रंग घेतला’ असं ती म्हणाली तर तिची बाजू लंगडी पडते. बाहेर तिला सांगतात तू दबलेली आहेस. आत न्यायालयात तिला दबलेलं दिसावंच लागतं. कर्नाटकच्या प्रकरणात परस्परविरुद्ध निकाल देणाऱ्या दोघांपैकी न्यायमूर्ती धूलिया यांनी आपल्या निकालात ही कसोटी बाजूला ठेवली आणि निवडीचा नि मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न पुढे घेतला. अंतिम उत्तर मोठ्या खंडपीठाकडून यायचं आहे.

आज मराठीत हे पुस्तक यावं असं वाटलं ते यामुळे. मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, कोंढवा, मिरज इथल्या मुली आता वकील आहेत, परिचारिका आहेत, संगणकावर बसतात, स्वतःची ऑनलाइन दुकानं चालवतात, आणि त्यांच्याबद्दलची आपली शब्दसंपत्ती अजून दलवाईंच्या काळातली आहे. दलवाईंचा राग खोटा नव्हता. पण ज्या स्त्रीसाठी ते भांडत होते तिची नात वेगळं बोलते, आणि ते ऐकायला नवे कान लागतील.

या संग्रहात संशोधकांचे निबंध आहेत, शिंपी आणि दुकानदारांशी बोलणी आहेत, मुलींची स्वतःची लिखाणं आहेत. अट एकच होती: लेखनाची सुरुवात कपड्यापासून करायची, तत्त्वापासून नाही. ज्या घालतात त्या आहेत, ज्या घालत नाहीत त्या आहेत, ज्यांनी घातला आणि काढला त्याही आहेत. घरच्यांनी सांगितलं म्हणून घालते, दुसरं काही नाही, असं सरळ सांगणाऱ्या दोघी आहेत. त्यांचं म्हणणं संपादनात मऊ केलेलं नाही. नावं बदलली आहेत. छायाचित्रं घेतली नाहीत, कारण या विषयावरचं प्रत्येक मुखपृष्ठ म्हणजे काळ्या कापडातले दोन काजळलेले डोळे, आणि त्या डोळ्यांनी आतापर्यंत पुरेशी पुस्तकं विकली आहेत. त्याऐवजी कापडाचे नमुने आणि बांधायच्या पद्धतींची रेखाचित्रं आहेत.

पुरुष वाचकांची तक्रार येईल की पुरुषांच्या पोशाखाबद्दल, दाढी-टोपीबद्दल, यात काही नाही. खरं आहे, तो वेगळा आणि बराच कमी लिहिला गेलेला विषय आहे. शिया परंपरेला, केरळला आणि आसामला आम्ही न्याय देऊ शकलो नाही. या विषयाकडे पहिल्यांदाच येणाऱ्याने सलग वाचायचा हट्ट धरू नये. शिवणकामावरचा विभाग आधी वाचावा, मग न्यायालयांचा. उलट क्रमाने वाचलं तर न्यायालयातल्या मुलीच खऱ्या आणि दुकानातल्या अपवाद वाटू लागतात.